उत्तम शुक्रवारचं धुणं

जर्सीच्या बाहीत दात सापडला की लेम्पी सावेला तो खिडकीतल्या कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायची. डबा निम्म्याच्या वर भरला होता, आणि आजवर एकाही गड्याने "मा, माझा दात आलाय का गं धुण्यात?" म्हणून चौकशी केली नव्हती. पहिला दात सापडला तेव्हा तिच्या गळ्याखाली दोन दिवस घास उतरला नव्हता. आता नुसतं तोंड वाकडं व्हायचं.

टॅमरॅक गावच्या बर्फाच्या रिंकखाली तळघर होतं आणि तळघराच्या टोकाला धुण्याची खोली. दोन मशिनं, एक दगडी हौद, गरम हवेचा पंखा आणि भिंतीवर खुंट्यांची रांग. सामना संपला की खुंट्यांवर सगळं लटकायचं. जर्स्या, गुडघ्यावर चढणारे मोजे, अंगाला घट्ट बसणारे लोकरी आतले कपडे, कोपराचे नि खांद्याचे पॅड, आतून काळे पडलेले हातमोजे. पंखा सुरू झाला की वास उठायचा. ओलं कुत्रं, नासलेलं दूध, कुजकं चामडं आणि तंबाखूची पिंक एका पातेल्यात घालून मंद आचेवर ठेवावी तसा. लेम्पी दाराबाहेर उभी राहून छातीभर श्वास घ्यायची आणि पाण्यात बुडी मारल्यासारखी आत शिरायची.

गडी तिला 'मा' म्हणत. कोणी शिकवलं होतं देव जाणे, पण जो नवा यायचा तो दुसऱ्याच दिवशी 'मा' म्हणायला लागायचा. मा म्हणायचं, आणि पिंक टाकलेला कागदी पेला तिच्याच टेबलावर ठेवून जायचं.

बर्फावरच्या हॉकीचा हा संघ तिने लहानपणापासून पाहिला होता. तांब्याच्या खाणीच्या कंपनीने तो काढला तो काही हौसेने नव्हे. कामगार सुट्टीच्या दिवशी गुत्त्यात बसले की दारू पितात, आणि दारू चढली की संपाच्या गोष्टी करतात. त्यापेक्षा बर्फावर धावलेले बरे, असा साहेब लोकांचा विचार. नाव सरळ ठेवलं, मायनर्स. जर्सीवर कुदळ आणि दिवा. लेम्पीचा नवरा तोइवो आठवडाभर जमिनीखाली असायचा आणि शनिवारी बर्फावर. तोही काही देवदूत नव्हता. त्याचंही नाक दोनदा मोडलं. पण मोडकं नाक घेऊन तो दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये, ज्याने ते मोडलं त्याच्याच शेजारी बसून गायचा. त्या काळी जर्स्या धुवायची पाळी खेळाडूंच्या बायकांकडे आळीपाळीने यायची. लेम्पीकडे आली आणि तिथून पुढे गेलीच नाही. बाकीच्या बायका हुशार होत्या.

तोइवोच्या छातीत खाणीची धूळ साठली, त्यातच तो गेला. मागोमाग खाणही गेली. कंपनीने पंप बंद केले, बोगद्यांत पाणी भरलं, साहेबांनी सामान बांधलं. मागे राहिले दगडांचे ढीग, म्हातारीकोतारी आणि हा संघ. तो व्हर्न ट्रेगिअरने घेतला. व्हर्न जुन्या मोटारी विकायचा. लेम्पी त्याला शाळेपासून ओळखत होती. तेव्हा तो दुसऱ्याच्या डब्यातली मांस-बटाट्याची पेस्टी आधी चाटायचा आणि मग विचारायचा, "आता तुला नको असेल ना?"

संघाचंही त्याने तेच केलं. आधी नाव बदललं, मायनर्सचे टेरर्स केले. कुदळ आणि दिवा जाऊन छातीवर कवटी आली, तिच्या दातांतून ओघळणारं रक्त. जुनं चिन्ह उसवून कवट्या शिवायचं काम लेम्पीकडेच आलं. मग त्याने गडी बदलले. ज्यांना स्केटवर धड वळता येत नव्हतं पण ठोसा नेमका बसवता येत होता, असले आडदांड तो सीमेपलीकडून घेऊन आला. मारामारीत जर्सी डोक्यावरून ओढली की माणसाला दिसेनासं होतं. म्हणून पाठीमागे आतून एक पट्टा शिवायचा आणि तो विजारीला अडकवायचा. म्हणजे ठोसे खाताना आणि देताना दिसत राहावं. तो पट्टाही लेम्पीच्याच हातचा.

रिंक पुन्हा भरायला लागली. ज्या बाया रविवारी मान खाली घालून प्रार्थना करायच्या, त्याच शनिवारी रिंकभोवतीच्या काचेवर मुठी आपटत "फोड त्याचं थोबाड!" म्हणून किंचाळायच्या. लेम्पीची सख्खी धाकटी बहीण सायमी त्यात सगळ्यांच्या पुढे. ती रिंकवर पेस्ट्या विकायची आणि मारामारी लागली की गिऱ्हाइकाला तसंच टाकून काचेकडे पळायची.

"अगं, तोंडाला फेस आलाय तुझ्या," लेम्पी म्हणायची.

"येऊ दे. घरी नवऱ्यावर ओरडले तर शेजारी ऐकतात. इथे शेजारीसुद्धा माझ्या जोडीला ओरडतात."

"माणसाचं रक्त बघून तुला भूक कशी लागते गं?"

"तुला नाही लागत म्हणून तर तू अशी काटकुळी."

मग लेम्पीने हे काम का सोडलं नाही? टॅमरॅकमध्ये दुसरं काम होतं कुठे! आणि दुसरं असं, की तिच्या लोकांना स्वच्छतेचं वेडच. या फिनिश लोकांनी समुद्र ओलांडून इथल्या बर्फात पाय ठेवला तेव्हा आधी अंघोळीचा सौना बांधला आणि मग घर. रक्ताला गार पाणी आणि मीठ, घामाला सोडा, पिवळ्या डागाला ऊन. आठवड्याच्या शेवटी ती सगळी घाण दोरीवर पांढरी होऊन लोंबताना दिसली की तिला वाटायचं, चला, देवाच्या जगातला एवढा कोपरा तरी आपण पुसून काढला. तेवढंच तिचं समाधान, आणि शहात्तर साली तेसुद्धा गेलं.

झालं असं. त्या जानेवारीत थंडी अशी पडली की रिंकचे नळ गोठले आणि आठवडाभर धुणं झालं नाही. त्याच आठवड्यात टेरर्स दोन सामने जिंकले. संघाचा कोच होता बुच लारोश. दोन पोत्यांएवढा माणूस, मान नाहीच, खांद्यावर सरळ डोकं ठेवलेलं. नळ वितळल्यावर लेम्पीने बाही वर सारली तर हा दारात हात पसरून उभा.

"मा, थांब. काही धुवायचं नाही."

"का रे? साबण महागला?"

"जिंकतोय आपण. नशीब कपड्यांत मुरलंय. पाणी लागलं की जाईल."

तिला वाटलं, थट्टा आहे. थट्टा नव्हती. पुढचाही सामना जिंकले, त्याच्या पुढचाही. मग तर हुकूमच निघाला. तेच कपडे, तेच मोजे, तीच खुंटी, मैदानात उतरायचा तोच क्रम, आणि माणसंही तीच. एकही गडी बदलायचा नाही, बाकावर बसवायचा नाही. गावाने हे डोक्यावरच घेतलं. पुरुषांनी दाढ्या सोडल्या. न्हावी दुकानात माश्या मारत बसला. सायमीने मफलर धुवायचं सोडलं, आणि त्यावर पेस्टीच्या तुपाचे थर चढले. फेब्रुवारीत गड्यांचे आतले कपडे खुंटीवरून काढून जमिनीवर ठेवले तर आत माणूस असल्यासारखे उभे राहत. मार्चमध्ये गड्यांच्या अंगावर लाल चट्टे उठले, मांड्यांना, काखेत, मानेभोवती. ते भिंतीला पाठ घासत उभे राहत, गुरं खांबाला घासतात तशी. आणि हसत. जो जास्त खाजवेल तो जास्त निष्ठावान.

लेम्पीला आता काम काय, तर खुंट्यांवरचं ते पीक राखायचं. ती नाक दाबून पंखा लावायची आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसायची. जेवणात मासा नको झाला, चीज नको झालं. घरी आली की आपलेच हात हुंगायची.

टॅमरॅकमध्ये खेळाडू गावकऱ्यांच्या घरी उतरत. लेम्पीच्या माडीवर त्या वर्षी ओरेस्ट दानिलक राहायला होता. सस्कॅचेवानच्या गव्हाच्या पट्ट्यातला पोरगा, युक्रेनी आईबापांचा. जेवायच्या आधी छातीवर क्रुसाची खूण करायचा, तीसुद्धा उलट्या बाजूने, उजवीकडून डावीकडे. लेम्पी लूथरपंथी, तिला आधी जरा विचित्र वाटलं. मग म्हणाली, देवाला दोन्ही बाजूंनी दिसतं. हा दारात बूट काढायचा, आपली बशी आपण विसळायचा. आणि त्याला खरोखर खेळता येत होतं. बाकीचे खेळाची चकती सोडून माणसाच्या मागे धावत, तेव्हा हा सात नंबर गुपचूप चकती घेऊन जायचा आणि गोल करून यायचा. जिंकत होते ते त्याच्यामुळे. हे संघात सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायचं मात्र नशिबाबद्दल.

अंतिम सामना ईस्टरच्या आदल्या शनिवारी आला. त्या आठवड्यात बुधवारी सकाळी लेम्पीने पाहिलं, ओरेस्ट डाव्या हाताने खातोय.

"उजव्याला काय झालं?"

"काही नाही, मा. आपटलाय जरा."

"बाही वर कर."

"मा, जेवतोय ना मी..."

"वर कर म्हणते ना!"

बाही वर जाईना. कापड कातडीला चिकटलं होतं. कोमट पाणी लावून तिने ते सोडवलं. कोपर फुगलेल्या पिठाच्या गोळ्याएवढं झालं होतं. मधे पिवळं, कडेला जांभळं, आणि तिथून एक लाल रेघ दंडावरून काखेकडे निघालेली. वास गोडसर होता. धुण्याच्या खोलीतल्या सगळ्या वासांना ती सरावली होती, पण हा वेगळा. तोइवोच्या शेवटच्या महिन्यात हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरून असा वास यायचा. एके सकाळी ती खाट रिकामी झाली होती.

"कधीपासून?"

"रविवारपासून. पॅडखाली कातडं सोललं होतं, त्यात... ठीक होईल गं."

"ताप भरलाय तुला. चल डॉक्टरकडे."

"शनिवारनंतर. बुचला माहीत आहे. मा, इतक्या दिवसांत एकही माणूस बदललेला नाही. मी बसलो आणि हरलो तर या गावात तोंड कसं दाखवू?"

"हात गेल्यावर ते तोंड धुणार कशाने, ते सांग आधी!"

तो हसला. हसताना ओठ सुकलेले दिसले. लेम्पीने स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि त्याच पावली रिंकवर गेली.

बुच टेबलावर पाय टाकून बसला होता, शेजारी पिंकेचा पेला. व्हर्न ट्रेगिअर खिडकीशी उभा राहून सिगार चावत होता.

"बुच, ओरेस्टला आज डॉक्टरकडे धाड. हात सडतोय त्याचा."

"सडत नाही, मा, पिकतोय," व्हर्नच मधे बोलला. "पिकू दे. शनिवारी कोणी तरी रिंकच्या फळीवर आपटेल, फुटेल, मोकळा होईल."

"अरे व्हर्न, तुझ्या जिभेला हाड आहे का? माणसाचं पोर आहे ते!"

"आणि संघ कोणाचा आहे? ऐक, लेम्पी. कप आला तर संघ टॅमरॅकमध्ये राहील. नाही आला तर मला विकावा लागेल. खाण गेली, आता हॉकी घालवायचीय? गावाच्या मुळावर येऊ नकोस."

"तीन दिवस, मा," बुच म्हणाला. तो मुळात दुष्ट नव्हता, आणि तेच लेम्पीला जास्त किळसवाणं वाटलं. "तीनच दिवस. कपडे तेच, माणसं तीच. त्यातला एक धागा उसवला की सगळं गेलं. तूच शिवतेस, तुला कळायला पाहिजे."

"मग त्याचे तरी कपडे धुऊ दे. त्या पॅडमध्ये किडे पडले असतील."

"एका मोज्याला जरी साबण लागला ना," व्हर्न म्हणाला, "तर याद राख."

ती घरी आली. ओरेस्टला उचलून नेणं तिला शक्य नव्हतं. सहा फुटांच्या वर पोरगा, आणि आईचंसुद्धा ऐकायच्या वयाचा नाही. बुधवार गेला, गुरुवारी रेघ काखेपर्यंत आली. तो माडीवर अंथरुणात कुडकुडत होता आणि विचारलं की म्हणत होता, "शनिवारनंतर, मा." ती खाली टेबलाशी बायबल उघडून बसली, पण अक्षरं डोळ्यांत शिरेनात. बसल्या बसल्या तिच्या ध्यानात आलं. या पोराला ना बुचने धरून ठेवलंय, ना व्हर्नने. त्याला धरून ठेवलंय खुंट्यांवरच्या त्या घाणीने. ती तशी आहे तोवर माणूस बदलायचा नाही. ती तशी राहिली नाही, तर मग त्याला थांबवायला उरलंच काय?

पण दुसरा दिवस उत्तम शुक्रवारचा होता, प्रभूला क्रुसावर चढवलं तो. त्या दिवशी तिच्या आईच्या घरी सुईत दोरा ओवत नसत, चूल पेटवत नसत. धुणं तर दूरच. समुद्रापलीकडून खाणकामाला आलेल्या व्हर्नच्या कॉर्निश लोकांत म्हणतात, त्या दिवशी धुतलेल्या कपड्यांतून रक्त ठिबकतं. लेम्पीने आयुष्यात त्या दिवशी पाण्याला हात लावला नव्हता. मग तिच्या मनात आलं. बुचला नळाचं पाणी लागलेलं चालत नाही, मलाही या दिवशी चालत नाही. मग त्याच्यात आणि माझ्यात फरक तो काय? बैल विहिरीत पडला तर शब्बाथ दिवशीसुद्धा काढता की नाही, असं प्रभूने विचारलं होतं. इथे तर बैल नव्हे, माडीवरचा ओरेस्ट होता.

"प्रभू," ती म्हणाली, "तुला वाईट वाटलं तर मला बोल. त्याला नको."

शुक्रवारी सकाळची उपासना आटोपून ती काळ्या पोशाखातच रिंकवर गेली. त्या दिवशी सराव नव्हता. किल्ली तिच्याकडेच असायची. दोन्ही मशिनं तिने कढत पाण्याने भरली, हौदात मीठ आणि सोडा ओतला आणि खुंट्या रिकाम्या करायला लागली.

सांगू नये, पण सांगते. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघालं, दुसरं काळं. त्यावर केसांचा, कातड्याच्या पापुद्र्यांचा आणि तंबाखूच्या चोथ्याचा तवंग. एका हातमोज्यातून बुरशीचा गोळा निघाला, उंदराच्या पिल्लासारखा मऊ. लेम्पीला दोनदा बादलीपाशी जाऊन ओकावं लागलं. तोंड धुऊन ती पुन्हा हौदाशी आली. सात नंबरच्या जर्सीची उजवी बाही खळीत बुडवल्यासारखी कडक होती. ती तिने शेवटी घेतली, हाताने चोळली, गार पाण्यात, मिठात, पुन्हा गार पाण्यात. चोळताना ती उपासनेतलं स्तोत्र पुटपुटत होती. ते मुद्दाम नव्हतं. पाण्यात हात असला की तिच्या तोंडात आपोआप गाणं यायचं.

दुपारी सायमी तिला शोधत, तिच्या गाण्याच्या आवाजावरून आली. दारातच किंचाळली.

"लेम्पी! अगं काय केलंस हे! आज? आजच्या दिवशी?"

"दोरी धर जरा. ओझ्याने खाली आलीय."

"उद्या फायनल आहे! लोक तुला जिवंत ठेवणार नाहीत! मी काही कोणाला सांगायची नाही, हां, पण..."

सायमीच्या पोटात बातमी राहिली तर चाळणीतही पाणी राहील. अर्ध्या तासात बुच, व्हर्न आणि अर्धा संघ तळघरात. दोऱ्यांवर ओल्या जर्स्या ठिबकत होत्या आणि खोलीला साबणाचा वास येत होता. चेहऱ्यावर पाच टाके घालून घेताना शिट्टी वाजवणारा बुच त्या साबणाच्या वासाला घाबरून दोन पावलं मागे सरला आणि खरंच सांगते, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मा... काय केलंस गं तू हे..."

"चेटकीण आहे," मागून एक गडी पुटपुटला. हाच तो, रोज पिंकेचा पेला टेबलावर ठेवणारा.

"मी सांगितलं होतं तुला!" व्हर्नचा चेहरा बिटासारखा झाला. "सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. ओरड आता."

तेवढ्यात जिन्यावरून ओरेस्ट उतरला. कोणी तरी त्याला फोन करून बातमी दिली होती. कोटाची एक बाही मोकळी लोंबत होती, कपाळावर घाम. त्याने दोरीकडे पाहिलं. सात नंबर पांढरा झाला होता, आणि ती कवटीसुद्धा. तो बाकावर बसला.

"संपलं तर," तो म्हणाला.

"संपलं," लेम्पी म्हणाली.

"मग मी कशाला थांबलोय?"

  हॉस्पिटलात न्यायला सायमीनेच गाडी काढली. सगळा रस्ताभर लेम्पीला शिव्या घातल्या, गावाचं वाटोळं केलंस म्हणाली, पण खाणीचा जुना खड्डेवाला रस्ता सोडून लांबच्या चांगल्या रस्त्याने नेलं, ओरेस्टला हादरे बसू नयेत म्हणून.

हॉस्पिटलात डॉक्टरने कोपराला चीर दिली तेव्हा नर्सने तोंड फिरवलं. भांडं लेम्पीने धरलं. भांडं भरलं, मग दुसरं. तिने एकदाही डोळे मिटले नाहीत. किळस यायची ती आदल्या तीन महिन्यांत येऊन संपली होती. डॉक्टर हात पुसत म्हणाला, "उद्यापर्यंत थांबला असता तर खांद्यापासून काढावा लागला असता. आणि त्यानंतरही मी खात्री दिली नसती. कोण मूर्ख याला खेळवत होता?"

"गाव," लेम्पी म्हणाली.

हात राहणार होता. कोपर पूर्वीसारखं सरळ होणार नव्हतं. गहू पेरता येईल, हॉकीची काठी फिरवता येणार नाही.

शनिवारी संध्याकाळी खाटेशेजारी रेडिओ लावला. लेम्पी विणत बसली होती. ओरेस्ट छताकडे बघत होता. निवेदकाने नावं वाचली आणि मधेच म्हणाला, "सात नंबर..." आणि पुढे दुसऱ्याच कोणाचं नाव. सडबरीहून आदल्याच दिवशी बोलावलेल्या पोराचं.

लेम्पीचे हात थांबले. माणूस बदलायचा नाही हे बुचने शेवटपर्यंत पाळलं होतं. माणसाऐवजी जर्सी, एवढंच. ती जर्सी तिनेच धुऊन दोरीवर वाळत घातली होती. आत कोण आहे, काय फरक पडतो!

आणि ते जिंकले. तिसऱ्या, शेवटच्या भागात सात नंबरने पास दिला, दुसऱ्या कोणी गोल केला. रेडिओत असा आरडाओरडा झाला की नर्स बघायला आली. खाली रस्त्यावर मोटारींचे भोंगे सुरू झाले.

"बंद कर, मा," ओरेस्ट म्हणाला.

तिने बंद केला. त्या संध्याकाळी टॅमरॅकमधून हॉस्पिटलात एकही फोन आला नाही.

ईस्टरच्या सकाळी उपासनेहून ती विलायची घातलेला गोड पाव घेऊन आली. ओरेस्टचा ताप उतरला होता. तो उजव्या हाताची बोटं एकेक करून हलवून बघत होता, जणू दुसऱ्या कोणाची आहेत. तेवढ्यात दार ढकलून व्हर्न आणि बुच आत आले. अंगावर कालचेच कपडे, दाढीत बिअर वाळलेली, डोळे लाल. व्हर्नच्या काखेत तो चांदीचा कप होता. तळाशी बिअरची साय, पिंक आणि आणखी काही तरी, जे लेम्पीने एकदाच पाहिलं आणि नजर वळवली.

"मा!" बुच मिठी मारायला पुढे आला. ती मागे सरकली. "मा, तू केलंस! आम्ही गाढव. नशीब घाणीत नव्हतंच. तुझ्या धुण्यात होतं! पोरं अशी धावली, अशी धावली, अंगाला खाज नाही, काही नाही!"

"खाज नव्हती म्हणून धावली," लेम्पी म्हणाली.

"छे, छे. सायमीने सगळं सांगितलंय. तू काही तरी गात होतीस. कुठलं स्तोत्र ते? पुढच्या वर्षी प्रत्येक फायनलच्या आदल्या दिवशी तेच गायचं, काळा पोशाख घालूनच धुवायचं, मीठ तेवढंच घालायचं. मी लिहून घेतो."

लेम्पीने आयुष्यात पुष्कळ घाण चोळली होती, पण असं कधी झालं नव्हतं. या माणसांनी तिचं स्तोत्र न धुतलेल्या मोज्यांशेजारी खुंटीवर टांगलं होतं. 

"मी बैल विहिरीतून काढला, बुच," ती म्हणाली. "तुझ्यासाठी मंत्र नव्हता म्हटला."

"कुठला बैल?"

"जाऊ दे."

"आणि हे बघ," व्हर्नने कप टेबलावर, त्या गोड पावाच्या शेजारी ठेवला. "रात्री यात कोणी तरी ओकलंय. मंगळवारी वर्तमानपत्रवाले येणारेत. तेवढा घासून देशील ना? तुझ्यासारखं कोणाला जमत नाही." आणि छाती फुगवून म्हणाला, "संघ आता टॅमरॅकमध्येच. दिला शब्द." पुढच्याच उन्हाळ्यात त्याने संघ दक्षिणेतल्या एका शहराला विकला. कप आल्यामुळे गिऱ्हाईक चांगलं मिळालं होतं.

लेम्पीने पर्समधून रिंकची किल्ली काढली आणि कपात टाकली. ती त्या सायीत बुडाली.

"हौद तिथेच आहे," ती म्हणाली. "साबण खिडकीत आहे. तुला दोन हात आहेत, व्हर्न."

 ओरेस्टने विचारलं, "सातमध्ये कोण होता तो?"

"सडबरीचा पोरगा," बुच खुशीत म्हणाला. "बरा आहे. तुझी जर्सी त्याला अगदी मापात बसली, शपथ. तुझ्या हाताचं कसं आहे? शिवला का?"

ओरेस्टने त्याच्याकडे पाहिलं, मग कपाकडे, मग व्हर्नच्या दाढीकडे. हळूहळू, जेवणात केस सापडावा तसा, त्याचा चेहरा आक्रसला. त्याने डाव्या हाताने चादर नाकापर्यंत ओढली.

"मा," तो म्हणाला, "खिडकी उघड गं. ही माणसं घाण मारतायत."

लेम्पीने खिडकी पुरती वर सरकवली. तलावावरची हवा आत आली, अजून बर्फाची, बोचरी. व्हर्नने कॉलर वर केली, बुचने कप काखेत मारला, आणि दोघं एकमेकांना ढकलत बाहेर पडले. लेम्पीने टेबल ओल्या फडक्याने पुसलं, एकदा, मग पुन्हा एकदा, आणि मगच पाव कापायला घेतला.